जेवणाच्या सुट्टीतलं विद्यापीठ

मी चौथीत असताना आमच्या गावात एक जीप आली होती. खानापूर तालुक्यातलं जंगलाकडेचं गाव, दिवसातून दोनच बस. जीपमधून उतरलेल्या माणसांनी मारुतीच्या देवळात टेबल मांडलं, बायकांना रांगेत उभं केलं, वजन-उंची घेतली आणि प्रत्येकीच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, मुलं किती झाली, किती जगली, सगळं छापील कागदावर उतरवून घेतलं. माझ्या आईनं एकूण एक प्रश्नाचं उत्तर दिलं. संध्याकाळी जीप गेली ती गेलीच. पुढं कित्येक वर्षं आई मधूनच विचारायची, "त्या रक्ताचं काय निघालं गे?" तिला ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

त्या रक्तातून काहीतरी निघालं असणारच. कुठल्यातरी अहवालाच्या तक्त्यात आईचा एक आकडा झाला असेल आणि तो अहवाल इंग्रजीत असेल. पुढं मी विज्ञानाची शिक्षिका झाले, थोडंफार वाचायला लागले, तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट आमच्या एका गावाची नव्हे. संशोधक माहिती घ्यायला दारात येतात, निकाल सांगायला फार थोडे येतात. तो निकाल माणसांपर्यंत परत आणायची एक साधी रीत जगात बऱ्याच ठिकाणी चालते. तिचं नाव दुपारचं मोफत व्याख्यान. ही रीत कशी चालते आणि आपल्या बेळगाव भागात ती कशी बसेल, ते इथं सांगते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, म्हणजे यूसीएलमध्ये, १९४२ पासून 'लंच अवर लेक्चर्स' चालत आली आहेत. पद्धत अगदी सरळ. विद्यापीठातलाच एखादा संशोधक आपण सध्या काय शोधतोय ते पाऊण तासाच्या आत सांगतो. ऐकायला कुणीही यावं. आसपासच्या कचेरीतला कारकून, निवृत्त माणूस, रस्त्यानं चाललेला पाहुणा. फी नाही, परीक्षा नाही, 'तुमचं शिक्षण किती' हा प्रश्न नाही. बोलून झालं की लोक प्रश्न विचारतात आणि सुट्टी संपायच्या आत कामावर परततात.

याचं मूळ आणखी जुनं आहे. टॉमस ग्रेशम या लंडनच्या व्यापाऱ्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की आपण बांधलेल्या रॉयल एक्स्चेंज या बाजारपेठेच्या उत्पन्नातून सात प्राध्यापक नेमावेत आणि त्यांनी शहरातल्या लोकांना फुकट व्याख्यानं द्यावीत. त्यातून १५९७ साली ग्रेशम कॉलेज सुरू झालं. आठवड्याचे सात वार, सात विषय. तिथं ना पदवी मिळायची ना आजही मिळते. नुसती व्याख्यानं, ती चारशे वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. यातली एक गोष्ट मला आपल्या भागासाठी फार मोलाची वाटते. सुरुवातीला तिथं व्याख्यान दोनदा व्हायचं, एकदा लॅटिनमध्ये आणि एकदा इंग्रजीत. लॅटिन विद्वानांची भाषा, इंग्रजी बाजारातल्या माणसाची. विषय तोच, बोलणारा तोच, भाषा समोरच्याची. याकडे मी पुन्हा येणार आहे.

'फुकट' या शब्दावर थोडं थांबते. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, लंडनमध्ये पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करत होता. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोरानं ऐकलेलं सगळं उतरवून काढलं, त्याची वही स्वतःच्या हातानं बांधली आणि डेव्हींना पाठवली. पुढच्या वर्षी तो त्यांचा मदतनीस झाला, आणि आज आपल्या घरात वीज येते त्यामागं त्यानं लावलेला शोध आहे. आठवीच्या वर्गाला मी हे दरवर्षी सांगते. पण त्या गिऱ्हाइकाकडं जादा तिकिटं नसती तर? तिकीट लावलं की दार कुणासाठी बंद झालं हे आपल्याला कधीच कळत नाही, कारण तो माणूस दारापर्यंत येतच नाही.

आता कुणी म्हणेल, व्याख्यानं आपल्याला नवी आहेत काय? मुळीच नाहीत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७३ मध्ये, केंब्रिज विद्यापीठानं आपले अध्यापक गावोगाव पाठवून लोकांसाठी व्याख्यानं द्यायचं काम रीतसर हाती घेतलं होतं. म्हणजे दोन्हीकडं एकाच सुमाराला तीच ओढ होती. आपल्या बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. बॅरिस्टर नाथ पै यांनी शेवटचा श्वास याच शहरात घेतला, १८ जानेवारी १९७१ ला, आणि त्यांची भाषणं ऐकलेली माणसं आजही त्यावर तासभर बोलतात. ऐकणारा कान बेळगावात तयार आहे.

फरक दोन गोष्टींत आहे. पहिला वेळेचा. आपली व्याख्यानमाला संध्याकाळी सहाला. खानापूर, निपाणी, यळ्ळूर, कडोलीकडचा माणूस तेव्हा बसस्टँडवर उभा असतो, बाई चुलीपाशी असते, उद्यमबागेतल्या कारखान्यांत दुसरी पाळी लागलेली असते. सभागृहात उरतात ते शहरातले, बहुतेक निवृत्त आणि बहुतेक पुरुष. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण ते म्हणजे सगळा गाव नव्हे. उलट दुपारी एक वाजता कोर्टापाशी आणि डीसी ऑफिसपाशी, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीपाशी, जाऊन बघा. सातबाऱ्याच्या कामाला आलेले शेतकरी, तारीख पुढं गेलेले पक्षकार, दवाखान्यात पेशंटला डबा देऊन आलेले नातेवाईक, कॉलेज सुटलेली पोरं. तालुक्यातालुक्यातली माणसं दुपारी शहरात असतात आणि त्यांच्याकडं तासभर मोकळा असतो. तो ते झाडाखाली बसून काढतात.

दुसरा फरक विषयाचा. व्याख्यानात वक्ता आयुष्यभराचं वाचन, अनुभव, विचार मांडतो. संशोधनाच्या बोलण्यात एकच प्रश्न असतो. तो प्रश्न का पडला, उत्तर कसं शोधलं, काय सापडलं, काय अजून सापडलेलं नाही, एवढंच. वक्तृत्व नसलं तरी चालतं. 'हे तुम्हाला कसं कळलं?' याला सरळ उत्तर मात्र देता आलं पाहिजे.

मग हे कागदावर छापलेलं असतंच की, बोलून कशाला सांगायचं? यासाठी संशोधनाचा प्रवास थोडक्यात सांगते. संशोधक काम संपलं की निबंध लिहितो आणि एखाद्या नियतकालिकाकडं पाठवतो. त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तो वाचून चुका काढतात, दुरुस्त्या सुचवतात, मग तो छापला जातो. ही पारख फार महत्त्वाची असते. पण ते नियतकालिक इंग्रजीत, त्यातली भाषा त्या विषयाच्या घरातली, आणि बऱ्याचदा एक निबंध वाचायचा तरी काही हजार रुपये मोजावे लागतात. आपल्या देशात यातल्या पुष्कळ कामाला पैसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्या करातून गेलेला असतो. तरी निबंध आपल्या हाती पडत नाही, आणि पडला तरी उमजत नाही.

आणि बेळगावला हे जास्तच लागू आहे, कारण इथं संशोधन होत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. भूतरामनहट्टीला २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. केएलई या शिक्षणसंस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ चं. पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे. संकेश्वरला ऊस आणि निपाणीला तंबाखूचं शेती संशोधन केंद्र आहे. एवढं सगळं आपल्या उशाशी असून त्यात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही.

म्हणून आम्ही चौघी-पाच जणांनी एक छोटा प्रयोग करून पाहिला. एका वाचनालयाच्या माडीवरची खोली, खुर्च्या पंचवीस, भिंतीला एक फळा. बोलायला आली एका मैत्रिणीची मुलगी. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणारी, बोलायला लाजणारी. विषय आम्ही ठरवला: आपल्याच जिल्ह्यात झालेला, जगभर वाचला गेलेला आणि इथं फारसा कुणाला माहीत नसलेला एक अभ्यास.

गोष्ट अशी. बाळंतपणानंतर काही बायकांना रक्तस्राव होतो आणि तो थांबत नाही. बाळंतपणातल्या मृत्यूंचं हे एक मोठं कारण. गर्भाशय नीट आकुंचन पावलं की रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं, म्हणून मोठ्या दवाखान्यात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. पण ते थंडीत ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. खेड्यात ना फ्रिज ना डॉक्टर; बाळंतपण घरात नाहीतर उपकेंद्रात, सोबतीला एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर, आणि तेव्हा तिच्या हातात यासाठी द्यायला काही औषधच नसायचं. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी उन्हाळ्यातही टिकते आणि तोंडानं घेता येते. ती कामाला येईल काय? हा प्रश्न घेऊन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकन विद्यापीठांच्या साथीनं बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत २००२ ते २००५ काम केलं. १६२० बाळंतिणी. निकाल २००६ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पोरीनं हे सांगायला पडद्यावर एकही चित्र लावलं नाही. पिशवीतून एक जुनी सुती साडी काढली, घडी करून परातीत ठेवली आणि कुंकू कालवलेलं पाणी एका तांब्यातून तिच्यावर ओतलं. साडी लाल होत गेली. मग तिनं विचारलं, "किती पाणी ओतलं मी?" कुणी म्हणालं ग्लासभर, कुणी म्हणालं पाव लिटर. एक आजोबा म्हणाले, "असंल की दीड कप." ते अर्धा लिटर होतं. बाळंतपणात पाचशे मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं तर डॉक्टर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात, आणि आम्हा पंचवीस जणांपैकी एकालाही ते डोळ्यांनी ओळखता आलं नव्हतं.

खोलीत एकदम शांतता झाली. मग मागच्या रांगेतून एक निवृत्त सिस्टर बोलल्या. "आम्ही तरी कुठं मोजत होतो, बाळ? किती लुगडी भिजली ते बघायचं नि सांगायचं, जरा जास्तच गेलंय म्हणून. मोजायचं कशात?"

नेमका हाच पेच त्या अभ्यासापुढं होता. गोळीनं रक्त कमी जातं की नाही हे ठरवायचं तर आधी रक्त मोजता आलं पाहिजे. म्हणून त्यांनी प्लास्टिकचा एक कापडासारखा पट्टा वापरला. तो बाळंतिणीच्या अंगाखाली अंथरायचा, खालच्या टोकाला निमुळती पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. पोरीनं तसाच एक घरी करून आणला होता, दुधाच्या मोठ्या पिशव्या चिकटवून. पुन्हा तेवढंच लाल पाणी ओतलं. ते घरंगळत पिशवीत गेलं आणि पाचशेच्या रेघेवर थांबलं. सिस्टर उठून पुढं आल्या, पिशवी हातात घेऊन उजेडाला धरून बघितली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मग अवघड भाग आला. निम्म्या बायकांना खरी गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं. ना बाळंतिणीला माहीत ना सिस्टरला. असं का? समजा सिस्टरला ठाऊक असतं, तर अशक्त दिसणाऱ्या बाईला तिनं दयेपोटी खरी गोळी दिली असती. मग एका गटात अशक्त बायका जमल्या असत्या आणि दुसऱ्यात धडधाकट, आणि फरक गोळीमुळं पडला की प्रकृतीमुळं हे कळलंच नसतं. चिठ्ठीला दयामाया नसते म्हणून दोन्ही गट सारखे राहतात. आणि सिस्टरला माहीत नसलं म्हणजे मोजतानाही मन एका बाजूला झुकत नाही.

इथं कोर्टाच्या कामाला आलेल्या एका गृहस्थांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, "म्हणजे आमच्या बायकांवर प्रयोग केला म्हणा की! निम्म्यांना खोटीच गोळी." मला वाटतं, त्या दिवसाचा सर्वात चांगला प्रश्न तोच होता. पोरगी क्षणभर गांगरली, पण तिनं बगल दिली नाही. ती म्हणाली, "काका, गोळी उपयोगी आहे हे तेव्हा ठाऊक असतं तर असं करणं पाप झालं असतं. ते ठाऊकच नव्हतं. ती अपायकारकही निघू शकली असती. आणि गावात त्या वेळी दुसरं औषध नव्हतं, म्हणजे हातातलं काही काढून घेतलं नव्हतं. अशा कामाला आधी समितीची परवानगी लागते आणि प्रत्येक बाईला विचारून, तिनं हो म्हटलं तरच घ्यायचं असतं." गृहस्थांचं पूर्ण समाधान झालं नाही. त्यांनी मान हलवली खरी, पण विचारलंच, "हो म्हणणाऱ्या बाईला सगळं कळलं होतं काय?" यावर खोलीत दहा मिनिटं बोलणं झालं. माझी आई डोळ्यांसमोर आली. तिनंही हो म्हटलं होतं, देवळात, रांगेत उभी राहून.

निकाल सांगायची त्या पोरीची रीत मी माझ्या वर्गातही उचलली आहे. औषध नसलेल्या गोळीच्या गटात शंभरात बारा बायकांना अतिरक्तस्राव झाला. खऱ्या गोळीच्या गटात शंभरात सहाहून थोड्या जास्त, म्हणजे ६.४. आता हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. 'धोका जवळजवळ निम्म्यावर आला' असं म्हटलं तर फार मोठं वाटतं. 'शंभरातल्या साधारण साडेपाच बायका अतिरक्तस्रावापासून वाचल्या' म्हटलं तर लहान वाटतं. दोन्ही खरंच आहे. पेपरात 'निम्म्यावर' वाचलं की नेहमी विचारावं, कशाच्या निम्म्यावर? बाराचे सहा झाले की हजारात दोनाचा एक झाला? तिनं तिसरी तऱ्हा दाखवली. अठरा जणांना उभं राहायला सांगितलं आणि त्यांतल्या एका काकूंना खाली बसवलं. "अठरा जणींना गोळी दिली की त्यांतल्या एकीचा अतिरक्तस्राव टळतो. बाकी सतरा जणींचं जे व्हायचं तेच झालं असतं. पण ही एक कोण, ते आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच द्यावी लागते." बसलेल्या काकू आजूबाजूला बघत राहिल्या. आकडा म्हणजे एक माणूस, हे मी इतक्या वर्षांत फळ्यावर कधी दाखवू शकले नव्हते.

ती इथं थांबली असती तरी टाळ्या पडल्या असत्या. पण तिनं पुढचंही सांगितलं आणि मला वाटतं, संशोधन सांगणारा प्रामाणिक आहे की नाही ते इथंच कळतं. गोळी घेतलेल्या बायकांना थंडी वाजून येणं आणि ताप हा त्रास जास्त झाला. एक लिटर किंवा जास्त रक्त जायचं प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ वर आलं, पण हे थोड्याच बायकांचे आकडे आहेत. मृत्यू किती टळले ते या अभ्यासावरून सांगता येत नाही, तेवढा तो मोठाच नव्हता. आणि ही गोळी बाळ बाहेर आल्यावरच, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली द्यायची. आधी दिली तर आईच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून दुकानातून आणून आपल्या मनानं घ्यायची गोष्ट नव्हे. पुढं २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. यामागं जे पुरावे होते त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या १६२० बाळंतिणींचा वाटा आहे. त्यांच्यातल्या किती जणींना हे माहीत असेल?

सिस्टरनी जाताना विचारलं, "गोळी चांगली, खरं आमच्या उपकेंद्रात आता मिळत्या काय?" उत्तर कुणालाच देता आलं नाही. पोरीनं ते वहीत लिहून घेतलं आणि चौकशी करून पुढच्या वेळी सांगते म्हणाली. श्रोत्यांचे प्रश्न संशोधकाच्या वहीत जायला पाहिजेत, नाहीतर अशी बैठक नुसतं वरून पाणी शिंपडल्यासारखी होते.

भाषेचं ठरवताना आमच्यात वाद झाला. मराठी की कन्नड? मी ग्रेशमचं दोनदा व्हायचं ते व्याख्यान आठवून म्हटलं, एकच विषय एका आठवड्यात मराठीत, दुसऱ्या आठवड्यात कन्नडमध्ये. प्रत्यक्षात मात्र पहिल्याच दिवशी अर्ध्या वाटेवर गोकाककडच्या एका बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, पोरीनं कन्नडमध्येच सांगितलं, आणि शेजारच्या दोघांनी ते एकमेकांना मराठीत सांगितलं. कुणी कुणाला अडवलं नाही. आपल्या भागाचं हे बोलणं भाषाशास्त्रज्ञांनी पूर्वीच टिपलं आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगलीजवळच्या कुपवाडबद्दल लिहिलं होतं. तिथं मराठी, कन्नड, उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्यानं शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याची बांधणी जवळजवळ एकच झाली. एका भाषेतला शब्द उचलून त्या जागी दुसरीतला ठेवला की वाक्य तयार. 'ऊट आय्ता?' आणि 'जेवण झालं का?' हे मनात मांडून बघा: ऊट म्हणजे जेवण, आय्त म्हणजे झालं, शेवटचा आ म्हणजे का. दाराशी रोज चालणारं हे बोलणं कागवाडच्या पलीकडच्या एका गावातून जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत पोचलं. माझं मत स्पष्ट आहे: ज्या माणसाकडून माहिती घेतली त्याच्या भाषेत निकाल सांगावा. इथं ती कधी मराठी असेल, कधी कन्नड, बऱ्याचदा दोन्ही.

कुणाला आपल्या गल्लीत असं काही करायचं असेल तर आमचा थोडा अनुभव. वेळ सव्वाची, बरोबर सव्वाची. वक्ता बोलत असताना आपण घास घ्यायचा हे आपल्याकडे कुणाच्या मनाला पटत नाही, लंडनला पटत असेल. म्हणून पहिली दहा मिनिटं सगळे एकत्र डबा खातात, वक्ताही. भाकरी-झुणक्याची देवघेव होते आणि पोरगी निम्मी मोकळी झालेली असते. मग वीस-पंचवीस मिनिटं बोलणं, मग प्रश्न. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची ओळख, आभारप्रदर्शन सगळं बाजूला ठेवलं. त्यात अर्धा तास जातो आणि कोर्टातला माणूस अडीचला उठतो. पाण्याची घागर आणि हात धुवायची सोय मात्र हवीच.

आणि एक सावधपणा. मोफत व्याख्यानं आणखीही होतात, गुडघेदुखीची, मधुमेहाची, पैसे दुप्पट करायची, आणि शेवटी काहीतरी विकायला निघतं. ओळखायचं कसं? वक्त्याला पहिलाच प्रश्न विचारावा, या कामाला पैसा कुणी दिला? खरा संशोधक न रागावता सांगतो. दुसरा प्रश्न, तुमचं चुकलं असेल तर ते कशावरून कळेल? विकणाऱ्याकडं याला उत्तर नसतं.

विषयांची वाण नाही. विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात; तिथं 'बेळगाव', 'खानापूर' असं टाकून शोधायला बसलं की दिवस पुरत नाही. वडगाव-माधवपूरला उत्खननात सातवाहन काळातल्या नगराचे अवशेष निघाले, आणि त्याच वडगावात आज मागावर बसणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगितलंय? निपाणीकडं तंबाखूची ओली पानं खुडताना मळमळतं, गरगरतं, त्याला बायका 'ऊन लागलं' म्हणतात. पानातलं निकोटिन ओल्या कातडीतून अंगात जातं हे त्यांना कळलं तर दव वाळल्यावर खुडायला जाणं आणि हात झाकणं एवढं तरी करता येईल.

पुढची बैठक वटवाघळांवर आहे. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या एका जातीच्या वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं, रॉटन नावाच्या साहेबाचं नाव त्याला दिलं गेलं, आणि नंतर कित्येक दशकं साऱ्या जगात ते फक्त या एका गुहेतून माहीत होतं. आता तो भाग भीमगड अभयारण्यात आहे. बोलणारा मुलगा प्राणिशास्त्राचा. त्याच्या शेजारची खुर्ची आम्ही त्या बाजूच्याच एका आजोबांसाठी ठेवली आहे. लहानपणी गुरांमागं फिरताना गुहेच्या तोंडाशी ते रोज बसायचे आणि संध्याकाळी वटवाघळं कधी बाहेर पडतात ते त्यांना घड्याळाशिवाय कळायचं. आधी कोण बोलणार यावर दोघांचं फोनवर बोलणं चालू आहे. आजोबांची बस साडेबाराला पोचते, डबा ते घरूनच आणणार आहेत.